तार कुठून जाते

तातेराव सर वडीगोद्रीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे, आणि भूगोल शिकवणाऱ्याचा एक स्वभाव होऊन बसतो. कोणतीही गोष्ट नकाशावर नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी सरांचा प्रश्न ठरलेला, कोणत्या रस्त्यानं आलात? पाहुण्यानं चुकीचा रस्ता धरलेला असे (सरांच्या मते सगळेच पाहुणे चुकीचा रस्ता धरत), आणि मग खडू काढून त्याला परतीचा रस्ता फरशीवर समजावून दिला जाई. अशा माणसाच्या छातीत सत्त्याण्णव सालच्या मार्च महिन्यात, फळ्यावर गोदावरीचं खोरं काढता काढता कळ आली. सर खडू धरून तसेच थांबले. वर्गाला वाटलं, सर उपनदी विसरले.

जालन्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, कपाळाला आठी घातली आणि औरंगाबादला धाडलं. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, अँजिओग्राफी करू. म्हणजे अंगात एक बारीक तार सोडायची, ती थेट हृदयापर्यंत न्यायची आणि तिथला फोटो घ्यायचा. कुठे अडलंय ते त्यातून कळेल. मग ऑपरेशन लागेल की गोळ्यांवर भागेल ते ठरवता येईल.

"तार कुठून जाते?" सरांनी विचारलं.

"इथून," डॉक्टर म्हणाले आणि बोटानं दाखवलं. पण मध्ये टेबल होतं, आणि त्या टेबलावर कागदांचा ढीग होता. सरांना डॉक्टरांचं कोपर हललेलं तेवढं दिसलं. पुन्हा विचारावं तर डॉक्टरांनी घंटी दाबून पुढचा पेशंट बोलावलेला. गेली पंचवीस वर्षं सर पोरांना सांगत होते, समजलं नाही तर हात वर करा, लाजता कशाला. हात वर करायची पाळी स्वतःवर आली तेव्हा त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि बाहेर आले.

बाहेर एका कंपाउंडरनं तयारी सांगितली. रात्रीपासून काही खायचं नाही, अंगावर दागिना ठेवायचा नाही, सोबत दोन माणसं आणायची. शेवटची सूचना देताना मात्र तो अडखळला, कारण सरांच्या शेजारी त्यांच्या पत्नी उषाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यानं नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आणि काका, येताना केस काढून या. सगळे. एकदम स्वच्छ." कोणते, हे त्यानं सांगितलं नाही, आणि बायकोसमोर सरांनीही विचारलं नाही. आपल्याकडे सभ्य माणसं अशीच वागतात, आणि या कथेत पुढं जे जे झालं ते सगळं या सभ्यपणामुळे झालं.

सरांनी मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती, की केदारखेड्याला आईच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. आई, गोजरबाई, धाकट्या भावाकडे, कारभारीकडे राहायची. सरांचे वडील शेतात छातीला हात लावून बसले होते ते उठलेच नव्हते, आणि ते गोजरबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हापासून कुणी नुसतं छातीत जळजळतंय म्हटलं तरी म्हातारी घरात निघून जाई. तिला कळलं तर माझ्या आधी तीच जाईल, असं सर उषाबाईंना म्हणाले.

आता प्रश्न राहिला तारेच्या रस्त्याचा. रस्ता कळल्याशिवाय सर कुठंच जाणार नव्हते. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. शेजारी पुंजाराम, लाइट बोर्डातून रिटायर झालेला वायरमन. तारेचा विषय निघाल्यावर त्याला गप्प बसवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

"सर, कनेक्शन कव्हा बी वरून येतं," पुंजाराम म्हणाला. "पोलवरून. आख्ख्या नोकरीत म्या खालून कनेक्शन दिलं न्हाई."

"वरून म्हणजे कुठून?"

"नाकातून असंल. माझ्या मेहुणीला नाकातूनच नळी घातलेली," पुंजारामची बायको कांताबाई म्हणाली. "चांगली पोटापर्यंत गेल्ती. काळीज तर पोटाच्या अलीकडं हाय."

सरांनी पाटी मागवली. नाक, घसा, हृदय. वीतभर रस्ता, सरळ उतार. त्यांना हे भौगोलिकदृष्ट्या पटलं. उषाबाईंनी हळूच विचारलं, "पायाकडून तर नसंल?" त्यावर सरांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या बिचाऱ्या भांडी घासायला गेल्या. पायाकडून हृदय म्हणजे कन्याकुमारीमार्गे दिल्ली. एवढे शिकलेले डॉक्टर असा लांबचा रस्ता कशाला धरतील? नाकातून तार जायची तर आड काय येतं? मिशी. म्हणजे मिशी काढायची, हे सिद्ध झालं. मग डोकं कशाला, असा प्रश्न राहिला. तो कांताबाईनं सोडवला. तार घशात न वळता चुकून वर चढली तर ती डोक्यात शोधावी लागंल ना, म्हणून डोकं बी स्वच्छ पाहिजे. सगळ्यांनी थोडा विचार केला आणि यात चूक काही सापडली नाही.

"अहो, एकदा फोन तर करा," आतून उषाबाई म्हणाल्या.

सर एस.टी.डी. बूथवर गेले. बूथच्या काचेचं दार लागत नसे आणि बाहेर नंबर लावून बसलेल्या मंडळींत शाळेचे दोन पालक होते. पलीकडून बाईचा आवाज आला, "तुम्हाला सगळं समजावून सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," सर म्हणाले. नाही म्हणायला जीभ रेटेना. "फक्त ते केसांचं..."

"ते काढूनच यायचं. नाहीतर तारीख पुढं जाईल," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. पालकांनी केसांचं ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सर रामकिसन न्हाव्याच्या खुर्चीत बसले आणि काय काढायचं ते सांगितलं. रामकिसननं हातातली वाटी खाली ठेवली.

"सर, आई हायेत ना?"

"आहे की. ठणठणीत आहे."

"मंग मिशीला मी वस्तरा लावणार न्हाई. डोकं म्हणाल तर उन्हाळ्याचं करून देतो. डोकं अन् मिशी संगं एकाच टायमाला निघती."

"अरे, वैद्यकीय कारण आहे."

"कारण कोणतं बी असू द्या. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, वस्तरा रामकिसनचा व्हता."

सरांचा मानभंग झाला. ती मिशी काही साधी नव्हती. बदलीच्या तीन गावांत ती त्यांच्या आधी पोचलेली होती. ती काढायला आपण मोठ्या कष्टानं तयार झालो आणि न्हावी नाही म्हणतो, हे त्यांना लागलं. तारीख तोंडावर आलेली. तेव्हा पुंजारामनंच तोड काढली. शहागडला गोदावरीच्या घाटावर रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतो. तिथले न्हावी कारण विचारत नाहीत. पुढच्या बसनं सर शहागडला उतरले आणि घाटावर गेले.

तिथं एका घरचा दहावा चालू होता. वस्तऱ्याखाली बसायला रांग लागली होती, सरही मुकाट्यानं रांगेत बसले. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली आणि थोड्या वेळानं विचारलं, "वय काय व्हतं?"

"बावन्न," सर म्हणाले. ते स्वतःच्याच विचारात होते.

"लई लवकर झालं," तो म्हणाला आणि त्यानं सरांच्या पाठीवर हात ठेवला. सरांना एकाएकी भरून आलं. इतके दिवस जो तो रस्ता सांगत होता, वायर सांगत होता, नळी सांगत होता. लवकर झालं असं कुणी म्हटलं नव्हतं. वस्तरा फिरत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि त्या जागी ते कुणाला वावगंही वाटलं नाही.

घरी आल्यावर उषाबाईंनी त्यांना एकदा पाहिलं आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे लाल होते. हसून झाले की रडून, हे सरांनी विचारलं नाही. शाळेत हेडमास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. "कोणी गेलेलं नाही हो," सर म्हणाले. "असंच समजायचं असतं, माणूस आठवणींत राहतो," असं म्हणून हेडमास्तरांनी दुपारून शाळा सोडली. पोरं आनंदानं घरी गेली.

पण खरा घोटाळा घाटावरच झाला होता. त्या दहाव्याला सरांचे मामेभाऊ काकासाहेब आले होते, म्हणजे गोजरबाईंच्या माहेरचे, सख्ख्या भावाचे चिरंजीव. त्यांनी लांबून तात्याला (घरात सरांना तात्याच म्हणत) डोकं आणि मिशी उतरवून रडताना पाहिलं. वडील तर कधीच गेलेले. मग राहिलं कोण? अशा वेळी माणसाला हाक मारायची नसते, म्हणून ते बोलले नाहीत. पण घरी जाईपर्यंत त्यांचं दुःख मागं पडलं आणि राग पुढं आला. आत्या गेली, दहावा झाला, आणि माहेराला सांगावा नाही. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. तो मान माहेराचा. तो तात्यानं परस्पर बुडवला.

काकासाहेबांनी जीप केली, चार भाऊबंद घेतले, नवं लुगडं घेतलं. आता अंगावर घालता येणार नसलं तरी दारात टाकून यायचं, असं ठरवून ते केदारखेड्याला पोचले. दारात गोजरबाई सुपात तूर पाखडत होत्या.

काकासाहेबांनी लुगडं पाठीमागं धरलं. मग गोजरबाईच म्हणाल्या, "काका, अचानक कसं येणं केलं? अन् ते लुगडं कोणाचं रे?" काकासाहेब खोटं बोलण्यात कच्चे होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

गोजरबाईंनी लुगड्याचा पोत बोटांनी पाहिला. चांगलं हाय म्हणाल्या. पाव्हण्यांना चहा दिला, जीप वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मग सूप कोपऱ्यात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोन दिवाळ्या तात्या आला नव्हता. पहिल्या खेपेला पेपर तपासायचे होते, दुसऱ्या खेपेला तिनं वडीगोद्रीला राहायला यायचं नाकारलं म्हणून तो रुसला होता. आता म्हातारीच्या मनात हिशेब जुळला. "तात्यानं मला जितेपणी पाणी सोडलं," एवढं ती कारभारीला म्हणाली आणि जेवायची बंद झाली.

कारभारीनं बूथवरून हेडमास्तरांच्या घरी फोन केला. सर त्याच दिवशी निघाले. डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं, पण उघड्या ओठाला काय गुंडाळणार? जालन्याला भोकरदनच्या गाडीत कंडक्टरनं त्यांना न मागता पुढची जागा दिली. साऱ्या रस्त्यानं सर उत्तर जुळवत होते. खरं सांगावं तर आई धसक्यानं जाईल, न सांगावं तर पोरानं टाकलं म्हणून उपाशी जाईल. रस्ते दोनच होते, आणि दोन्ही एकाच ठिकाणी जात होते.

आई भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. सर उशाशी बसले. वडीगोद्रीची शुद्ध भाषा उंबऱ्याबाहेर राहिली.

"आये, ऊन लई हाय औंदा. म्हणून केस काढले."

"अन् मिशी?" ती वळली नाही. "मिशीला बी ऊन लागतं का रं?"

सरांनी उपरण्याचं टोक ओठावर ओढलं. बाहेर कारभारी बैलांना पाणी पाजत होता, बादलीचा आवाज येत होता.

"म्या काय तुला जड झाल्ते का?" गोजरबाई म्हणाल्या. "वडीगोद्रीला येत न्हाई म्हणलं म्हणून? तिथं मला कोण वळखतं? हितं तुझ्या बापाची जागा हाय. एवढ्यासाठी जित्या मायचं डोकं उतरवलं?"

हे ऐकल्यावर सरांनी जुळवलेलं सगळं गळून पडलं. "तुझं न्हाई गं आये," ते म्हणाले, "माझं हाय. छातीत दुखून राह्यलंय. तपासायचं हाय परवा, औरंगाबादला. तिथं केस काढून या म्हणले."

गोजरबाई उठून बसल्या. सरांना वाटलं, आता ही पडणार. त्यांनी हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला, पण ती पडली नाही.

"तुझ्या बापाला व्हती तीच का कळ?"

"तीच असंल."

"काय करणार हायेत?"

सरांनी समजावून सांगितलं. हृदयाला रक्त आणणाऱ्या नद्या असतात. त्यात गाळ साचला की पाणी अडतं. कुठं साचलाय ते पाहायला तार घालतात. म्हातारीनं सगळं नीट ऐकलं.

"तार कुठून घालत्यात?"

"नाकातून असावी."

"असावी?" गोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे तुला म्हाईत न्हाई? अन् तू जाऊन राह्यला?"

"इचारायचं ऱ्हाऊन गेलं, आये."

मग ती रडली. एवढा मास्तर झालास, जगाला रस्ता दाखवतोस, अन् आपल्या जिवाचं इचारायला लाजलास, असं म्हणत रडली. सरही रडले. बाहेर बादलीचा आवाज थांबला होता.

बऱ्याच वेळानं तिनं सरांच्या डोक्यावरचं उपरणं काढलं आणि उघड्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी जावळ काढल्यावर फिरवला असेल तसा.

"आता ऐक तात्या," ती म्हणाली. "केस उगंच निघत नसत्यात. कोणाच्या तरी नावानं निघत्यात. हे माझ्या नावचे समज. माझं करून टाकलंस तू. लुगडं बी येऊन पडलंय. आता मागं ऱ्हायचं तुझं काम हाय. माझ्या आधी जायचा तुला हक्क न्हाई."

"बरं, आये."

"अन् म्या गेल्यावर पुन्हा काढायचे न्हाईत. एका मायचे दोनदा निघत नसत्यात. पुन्हा काढलेस तर हे पहिले दुसऱ्या कोणाचे होतील. मला ते नको."

दारात कारभारी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी गोजरबाई सरांच्या ताटात जेवल्या.

औरंगाबादला कंपाउंडरनं सरांना पाहिलं आणि तो गंभीर झाला. "काका, घरात कुणी..."

"नाही. तयारी करून आलोय."

कंपाउंडर डोक्याकडे बघत राहिला, मग ओठाकडे. मग त्याला उमगलं. बिचारा हसला नाही, त्यानं सरांना पडद्याआड नेलं आणि तार कुठून जाते ते दाखवलं. मांडी जिथं पोटाला मिळते तिथून. सर म्हणाले, "म्हणजे कन्याकुमारीमार्गे," आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. राहिलेली तयारी कंपाउंडरनंच केली.

तपासणीत सर जागे होते. तार आत सरकली ती त्यांना कळली नाही, मग अंगातून एक ऊनऊन लाट गेली आणि समोरच्या पडद्यावर त्यांचं स्वतःचं खोरं उमटलं. मुख्य नदी, उपनद्या, वळणं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, इथं, इथं आणि इथं. आज मध्ये टेबल नव्हतं. सरांनी हवं ते सगळं विचारलं, आणि त्यांना सगळं समजलं. समजल्यानं अडलेलं काही सुटलं नाही. ऑपरेशन ठरलं, जूनची तारीख मिळाली, तोपर्यंत जड उचलायचं नाही अशी ताकीद मिळाली.

वैशाख संपता संपता गोजरबाई गेल्या. आजार नाही, काही नाही. सकाळी उठल्या नाहीत. कारभारीनं माहेराला फोन लावला. काकासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक डाव येऊन गेलो बाबा. आता बिलकुल न्हाई. अन् लुगडं तर तुमच्याकडं पोचतं केलेलंच हाय." बाकीच्या सोयऱ्यांनाही ती पुन्हा खोटीच बातमी वाटली. ज्या बाईच्या खोट्या मरणाला जीप भरून माणसं आली होती, तिच्या खऱ्या मरणाला गावाबाहेरचं कुणी आलं नाही. सर दर थोड्या वेळानं रस्त्याकडे बघत होते. ऊन वाढायला लागलं तेव्हा गावकरी म्हणाले, आता थांबून उपयोग नाही.

खरं कळल्यावर दहाव्याला मात्र सगळे आले. काकासाहेब खाली मान घालून आले. नदीकाठी न्हावी बसला होता. कारभारीचं झालं, चुलत्यांच्या पोरांचं झालं. सरांच्या डोक्यावर तोवर बोटभर केस आले होते आणि मिशी अर्धीमुर्धी उगवली होती.

"तात्या, बस," काकासाहेब म्हणाले.

"माझे झालेत," सर म्हणाले.

माणसं कुजबुजायला लागली. एक म्हातारा मोठ्यानंच म्हणाला, "माय जिती व्हती तव्हा काढले, अन् मेल्यावर राखले. शिकलेल्या माणसाची तऱ्हाच येगळी." काकासाहेब लाल झाले, "तात्या, लोकं बघून राह्यलेत. थोरला हायेस तू." कारभारी सांगायला पुढं आला. सरांनी हातानं त्याला थांबवलं.

त्यांना समजावून सांगता आलं असतं. तार, कंपाउंडर, घाट, आईचं बोलणं, सगळं क्रमानं सांगता आलं असतं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण सांगितलं असतं तर त्या बोलण्यावर दहा माणसांचे दहा सल्ले आले असते, आणि ते त्यांना नको होते. बोडक्या डोक्यांच्या त्या घोळक्यात ते तसेच बसून राहिले, लोक बोलत राहिले, आणि सर लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. न्हाव्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि वस्तरा पुसून ठेवला.

मग सर उठले आणि आईला पाणी द्यायला नदीत उतरले.